बाबांची वही आणि बारा वर्षांची गाडी: ताम्हिणी ते आंबा घाट, सहा दिवस

जानेवारीत बाबा म्हणाले, "आता मला लांबचं ड्रायव्हिंग होत नाही. गाडी तू घे, नाहीतर विकून टाकू."

गाडी 2013 ची. डिझेल, सात आसनी, लॅडर चॅसिसवरची (म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली) एसयूव्ही, 1,46,000 किलोमीटर झालेली. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की बोलणं नावावरच अडकतं, आणि माझा प्रश्न ह्या एका गाडीचा होता. अजून पाच-सहा वर्षं हिच्यावर विसंबून, मुलांना घेऊन, रात्री-अपरात्री घाट चढता येईल का?

पुण्यात दोन जणांनी गाडी बघितली होती. कोथरूडच्या गल्लीत एक फेरी मारून "मस्त आहे, घ्या" म्हणाले. गल्लीतल्या दहा मिनिटांवर माझा विश्वास बसेना. म्हणून ठरवलं, बाबा आणि मी दोघंच जायचं. उतरणीचा घाट, चढणीचा घाट, खारी हवा, तीन खाड्या, आतले खराब रस्ते, फेब्रुवारीअखेरचं ऊन, सगळं एका फेरीत.

बाबा बँकेत होते, त्यामुळे हिशेबाची सवय हाडात मुरलेली. गाडी घेतली त्या दिवसापासून त्यांनी एक लाल कापडी बांधणीची वही ठेवली आहे. तारीख, मीटर, डिझेल किती लिटर, काय बदललं, किती पैसे. बारा वर्षं, एकही टाकी सुटलेली नाही. निघताना वही त्यांच्या मांडीवर होती.

दिवस पहिला: पुणे ते हरिहरेश्वर

पहाटे साडेपाचला किल्ली फिरवायच्या आधी मी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. हे महत्त्वाचं आहे. इंजिन रात्रभर थंड झाल्यावरच खरं बोलतं. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा, आणि "आधीच सुरू करू नका" असं मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बॉनेट कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा.

आमची दीड सेकंदात सुरू झाली. सायलेन्सरमधून थोडा करडा धूर आला आणि विरला. निळसर धूर रेंगाळला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलची, शंका घ्यायची. जोर लावल्यावर काळा ढग निघाला तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. मग मी गाडी आयडलला (उभ्या जागी, नुसती सुरू) असताना ऑइल भरायचं झाकण उघडलं. तिथून आगगाडीच्या इंजिनासारखे फक-फक झोत आले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या समजायच्या. आमच्याकडे नुसती वाफेची रेघ होती.

बाबांनी त्याच पहाटे नियम घातला: रोज सकाळी, सपाट जागी, सुरू करण्याआधी चार गोष्टी बघायच्या आणि लिहायच्या. ऑइलची पट्टी, कूलंटची बाटली, ब्रेक ऑइलची पातळी आणि गाडीखालची जमीन. "एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही," ते म्हणाले. "सहा दिवसांचे शेजारी-शेजारी ठेव, मग बोल."

पौड, मुळशीचं धरण, मग ताम्हिणी. धुकं नव्हतं, पण कोकणाकडून येणाऱ्या हवेला आतापासूनच ऊब होती. उतारावर मी तिसऱ्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावरच गाडी रोखली. गिअर सुटत नाही ना, पाय काढल्यावर खालून ठोके येत नाहीत ना, हे अशा उतारावरच कळतं. विळ्याला उतरून चाकांजवळ नाक नेलं. जळका वास नाही. चारही रिम हाताला सारख्याच गरम. एक जरी जास्त तापलेली असती तर तिथला कॅलिपर (ब्रेक दाबून धरणारा भाग) अडकतोय असा अर्थ होता. वहीत बघितलं: ब्रेक ऑइल दीड वर्षापूर्वी बदललेलं. हे तेल हवेतला ओलावा पितं, आणि ओलावा वाढला की घाटात उकळून पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलायचंच.

माणगावात पोहे खाऊन म्हसळ्यामार्गे दुपारी हरिहरेश्वर गाठलं. ओहोटी होती म्हणून प्रदक्षिणेचा मार्ग मोकळा मिळाला. भरती असेल तर त्या खडकांवर उतरू नका. रात्री घरगुती खाणावळीत आमसुलाचं सार आणि गरम भात. मावशींनी बाबांना तीनदा वाढलं.

दिवस दुसरा: बाणकोटची खाडी आणि एक लुकलुकणारा दिवा

ऑइल वरच्या खुणेला. जमीन कोरडी.

बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट जाते, इकडे तिला जंगलजेटी म्हणतात. सावित्रीचं पाणी शांत होतं. बोटीवर आमच्या मागे ठाण्याचं एक जोडपं होतं, दोन वर्षांची नवी कोरी एसयूव्ही, फक्त 14,000 किलोमीटर. त्यांच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकत होता आणि गृहस्थ काळजीत होते. विचारलं तर कळलं, गाडी रोज चार किलोमीटर शाळेत आणि चार किलोमीटर परत, एरवी बहुतेक एवढीच चालते.

एप्रिल 2020 नंतर आलेल्या बीएस-सिक्स डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. ती काजळी जाळून साफ व्हायला इंजिन नीट तापून बराच वेळ एका लयीत धावावं लागतं. चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होतच नाही आणि जाळी तुंबते. आम्ही त्यांना पुस्तिका काढून वाचायला सांगितली. त्यात मोकळ्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवत राहा असंच लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, केळशीपर्यंत न थांबता चालवल्यावर दिवा गेला. "कमी चाललेली गाडी" ही जाहिरातीतली ओळ मी आता वेगळ्या नजरेने वाचते. डिझेल गाडीला न चालणंही बाधतं.

बोटीवर जाणाऱ्यांसाठी: सुट्टे पैसे ठेवा. शनिवार-रविवारी रांग मोठी असते, सकाळची बोट धरा. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही टाका. डेकवरचा माणूस हात करतो त्याच्याकडेच बघा, आरशात नको. ठेंगण्या गाड्यांची खालची बाजू रॅम्पला घासते. आमच्या डोळ्यांसमोर एका सेडानचा बंपर खरवडला गेला.

वेळासला कासवाची पिल्लं दिसली नाहीत, जाळीखालची घरटी तेवढी बघितली. केळशीची वाळूची टेकडी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आणि संध्याकाळी दापोलीजवळच्या मुरुडला मुक्काम. हा सगळा किनारी रस्ता अरुंद, वळणांचा आणि खड्ड्यांचा. त्याने आम्हाला एक गोष्ट सांगितली: डावीकडून, पुढच्या चाकाकडून, लहान खड्ड्यावर 'टक्' असा आवाज. मोठ्या खड्ड्यावर नाही, लहानावरच. बाबांनी वहीत लिहिलं, "डावी पुढची, टक्, मीटर 1,46,238."

दिवस तिसरा: धोपाव्याची चढण

सकाळी ऑइल तेवढंच, पण कूलंटची बाटली बोटभर खाली. दोन दिवस स्थिर असलेली. मी बाबांकडे बघितलं, त्यांनी आकडा लिहिला. तिथेच बॉनेटमध्ये नीट शोधायला हवं होतं. ते राहिलं.

दाभोळला उतरून वाशिष्ठीची खाडी ओलांडली. धोपाव्याहून रस्ता सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढतो. साडेअकराचं ऊन, जांभ्या दगडाची धग, एसी चालू. टेंपरेचरचा काटा मधली रेघ सोडून वर सरकला. मी एसी बंद केला, सावली बघून गाडी बाजूला घेतली, आणि बॉनेट उघडल्यावर तो गोडसर वास आला. तापलेल्या कूलंटचा वास एकदा आला की विसरत नाही.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, कितीही घाई असो. आतलं पाणी दाबाखाली असतं, तोंडावर उडतं. आम्ही चाळीस मिनिटं थांबलो. समोरच्या घरातून एक आजी आल्या. काही न विचारता बाबांना ओटीवर बसवलं, कोकम सरबत दिलं, आणि नातवाकडून पाण्याची कळशी पाठवली. "मुंबयचे काय?" "पुण्याचे." "मग पाणी गाडीक पण द्या, तुमी पण प्या." पैशाचा विषय काढल्यावर त्या रागावल्या. निघताना झाडावरचे चार नारळ नातवाने मागच्या सीटवर ठेवलेले होते.

रेडिएटरच्या वरच्या होज पाईपला (रबरी नळीला) क्लिपच्या कडेला चीर होती. पाणी भरून, एसी न लावता, काट्यावर डोळा ठेवून शृंगारतळी गाठली. तिथल्या एका लहान गॅरेजमध्ये पन्नाशीतले मेस्त्री होते. त्यांनी होज दोन बोटांत दाबला, मग मला दाबायला लावला. मधे मऊ, फुगलेला. टोकाला कडक, आणि दाबला की आतून भाजलेल्या पापडासारखी कुरकुर. "मधे तेलाने सुजलाय, टोकाला उष्णतेने वाळलाय. बारा वर्षांचा आहे ना? मग त्याने त्याचं काम केलं." त्यांच्याकडे त्याच मापाचा होज होता. अर्ध्या तासात बसला.

पण मी ज्यासाठी ही फेरी काढली होती, ते त्या अर्ध्या तासानंतर सुरू झालं. मेस्त्रींनी गाडी सिमेंटच्या खड्ड्यावर घेतली आणि मला खाली बोलावलं. हातात एक लांब स्क्रू-ड्रायव्हर. पुढून मागे चॅसिसवर वीत-वीत अंतरावर ठोकत गेले. टण, टण, टण. घंटेसारखा कोरडा आवाज. मागच्या आडव्या पट्टीवर, जिथे स्टेपनी टांगलेली असते, तिथे आवाज एकदम बसला: भद्. त्यांनी टोक खुपसून खरवडलं तर कागदाच्या थरांसारखे गंजाचे पापुद्रे हातात आले. पाचेक बोटं रुंद जागा.

"हे अजून वरचंच आहे. घासून, तांबडा प्रायमर मारून, रंग द्या. पण काळं अंडरकोटिंग सरळ ह्याच्यावर फासू नका. गंज आत कोंडतो आणि खात बसतो, वरून दिसतं नवं." मग त्यांनी चॅसिसच्या खालच्या बाजूची भोकं दाखवली. पाणी निघून जायला ठेवलेली. दोन मातीने बुजलेली होती. त्यांनी तारेने मोकळी केली तर आतून ओला चिखल पडला. गुहागरात लोक गाड्या वाळूत घालतात, लाटेत फिरवतात, आणि पाच वर्षांत चॅसिस खाल्लेलं घेऊन त्यांच्याकडे येतात, असं ते कळवळून सांगत होते. "इंजिन बांधता येतं. सडलेलं चॅसिस काय करणार?"

'टक्'चा उलगडाही तिथेच झाला. डाव्या बाजूच्या स्टॅबिलायझर लिंकचा रबर झिजला होता. किरकोळ काम.

शेवटी त्यांनी विचारलं, "टायमिंग बेल्ट कधी बदललात?" हा इंजिनाचा दातेरी पट्टा, व्हॉल्व आणि पिस्टनची चाल जुळवून ठेवणारा.

बाबांनी वही उघडली. मागून पुढे, मग पुढून मागे. क्लच प्लेट 92,000 ला. बॅटरी तीन वेळा. टायर दोन संच. कूलंट, गिअर ऑइल, अल्टरनेटरचा पट्टा. टायमिंग बेल्टची नोंद कुठेच नव्हती. त्यांनी वही मिटली नाही, तशीच उघडी धरून बसले. आमच्या पुस्तिकेत एक लाख किलोमीटरला बदला असं लिहिलं आहे. गाडी त्याच्या 46,000 पुढे होती. सर्व्हिसिंगला गाडी दरवर्षी गेली होती. पण हे काम केलं का, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

काही इंजिनांत तिथे साखळी असते, काहींत पट्टा. तुमच्या गाडीत काय आहे ते आजच पुस्तिकेत बघा. आमच्यासारख्या इंजिनात पट्टा तुटला की व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि तो तुटण्याआधी आवाज करेलच असं नाही.

संध्याकाळी गुहागरला, खालच्या पाटात आत्याकडे. ओल्या काजूगरांची उसळ, भाकरी, सोलकढी. आत्याचा बाबांवर जुना हक्क आहे. "दादा, तू जेव आधी. वही कुठे पळत नाही." तरी ते रात्री ओटीवर दिवा लावून परत एकदा पानं चाळत होते.

दिवस चौथा: तवसाळ, जयगड, रत्नागिरी

ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली. कूलंट जिथल्या तिथे.

सकाळभर फोन केले. बेल्टचा पूर्ण संच (पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणारी चकती म्हणजे आयडलर, आणि त्याच्याबरोबर वॉटर पंप) रत्नागिरीत नव्हता, कोल्हापुरात दोन दिवसांत मिळणार होता. पट्टा एकटा बदलू नका. सगळं उघडायची मजुरी तीच लागते, आणि जुना टेन्शनर नव्या पट्ट्याला खातो. मेस्त्रींचं म्हणणं होतं की धोका आहेच, तो सावकाश चालवून फारसा कमी होत नाही, पण टोइंग करून नेण्याचा खर्च आणि त्रास तुमचा तुम्ही ठरवा. आम्ही चालवत जायचं ठरवलं. हा निर्णय बरोबर होता असं मी कुणाला सांगणार नाही.

हेदवीच्या गणपतीला नमस्कार, तवसाळहून शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, गणपतीपुळ्याला बाहेरूनच दर्शन. आरे-वारेच्या रस्त्यावर समुद्र एकदम खाली निळा पसरलेला दिसतो, तिथे थांबलो. बाबा बराच वेळ कठड्यापाशी उभे होते. आईला ही जागा फार आवडायची.

रत्नागिरीत पेट्रोल पंपाशेजारी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घेतली. किनाऱ्यावरून आलात की हे त्याच दिवशी करा, वरच्या रंगापेक्षा खालचं धुणं महत्त्वाचं. धुताना टायरवरचे आकडे वाचले. बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे असतात, आमच्या चार चाकांवर 3121, म्हणजे 2021 चा एकतिसावा आठवडा. स्टेपनीवर मात्र 0813. गाडीबरोबर आलेली, कधीच न वापरलेली, नक्षी पूर्ण शाबूत, आणि कडेच्या रबराला केसासारख्या भेगा. जुनी गाडी घेताना स्टेपनीचा आकडा बघाच. गाडी खरी कुठल्या सालची हेही त्यातून पडताळता येतं.

दिवस पाचवा: आंबा घाट

साखरपा सोडल्यावर मी बोलणं बंद केलं. चौपदरीकरणाच्या कामामुळे आधीच धूळ, त्यात ऊसाचे ट्रॅक्टर. तिसऱ्या गिअरमध्ये, काटा मधल्या रेघेवर, नवा होज कोरडा. गाडीने घाट एका दमात चढला. वर आंब्याला उतरल्यावर इंजिन लगेच बंद केलं नाही. चढ चढून आल्यावर टर्बो लालबुंद तापलेला असतो, त्याला ऑइल मिळत राहावं म्हणून दोन मिनिटं आयडलला ठेवायचं.

चहाच्या टपरीवर एक वडापवाले (प्रवासी जीप चालवणारे) भेटले. जुनी ट्रॅक्स, मलकापूर-आंबा रोज. किती किलोमीटर झाले विचारलं.

"मीटर कवाच बंद पडलाय, ताई. इंजिन दोनदा बांधलंय."

"मग नवी का नाही घेत?"

"हिचा कुठलाबी पार्ट मलकापुरात तासाभरात मिळतोय. नवीचा कोल्हापूरला जाऊन, फोटो दाखवून, चार दिस थांबायचं. चार दिस गाडी हुबी म्हंजे घरात काय खायाचं?" आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "म्हशीगत हाय बघा. रोज हात फिरवला की कळतंय कुठं दुखतंय."

भरवशाची गाडी म्हणजे न बिघडणारी, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ह्या माणसाचा हिशेब वेगळा आहे: बिघडली तर किती लांब जावं लागेल आणि किती वेळ उभी राहील. आपल्या खेड्यापाड्यांत 1994 साली आलेली सुमो आणि 2000 साली आलेली बोलेरो अजून का दिसतात, ह्याचं बरंचसं उत्तर त्या टपरीवर मिळालं. (सुमो हे नाव टाटा मोटर्सचे एकेकाळचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांच्या नावावरून आलं, जपानी पैलवानांवरून नव्हे. हे माझ्या मुलांना मी आवर्जून सांगितलं.) आमच्या गाडीचा होज शृंगारतळीत मिळाला होता, बेल्ट मात्र दोन दिवसांवर. विकत घेण्याआधी आपल्या तालुक्याच्या ठिकाणी पाच-सहा पार्टची चौकशी करा, शोरूमच्या दरपत्रकापेक्षा ती जास्त सांगेल.

कोल्हापुरात रात्री तांबडा-पांढरा. बाबांनी पांढरा दोनदा घेतला.

दिवस सहावा: उद्यमनगर

सहाव्या सकाळचा आकडा: ऑइल दोन खुणांच्या वरच्या चौथ्या हिश्श्याइतकं खाली. आमच्या इंजिनात दोन खुणांमध्ये साधारण लिटरभर बसतं, म्हणजे सातशे किलोमीटरला पाव लिटर. बाबांनी वहीतला 2019 चा गोव्याचा प्रवास काढला, त्यातही जवळजवळ हेच. टाकी-ते-टाकी ॲव्हरेज 12.2, पाच वर्षांपूर्वी 12.4. इंजिन म्हातारं होतंय, पण घसरत नाहीये.

उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये दहाला काम सुरू झालं. पुढची कव्हरं निघाली आणि कारागिराने पट्टा काढून बाबांच्या हातात दिला. वरून काळा, गुळगुळीत, चांगला वाटणारा. त्यांनी तो उलटा वाकवला. दातांच्या मुळाशी, एका ओळीत, आडव्या भेगा उघडल्या. दोन दातांचे कोपरे तुटलेले होते. सहा दिवसांत ह्या पट्ट्याने एकही आवाज केला नव्हता. त्याच्यामुळे काटा हलला नव्हता, दिवा लागला नव्हता, पट्टीवरचं ऑइल कमी झालं नव्हतं. आम्ही रोज सकाळी जे काही बघितलं, त्यातल्या कशातच तो दिसला नसता. तो दिसला वहीत नसलेल्या ओळीमुळे.

दुपारी तीनला गाडी सुरू झाली. 2028 मध्ये तिला पंधरा वर्षं होतील, तेव्हा पासिंग करून पुढची पाच वर्षं घ्यायची असं मी ठरवलं आहे. चॅसिसची मागची गंजलेली पट्टी पुढच्या आठवड्यात घासून रंगवायची, स्टेपनी बदलायची, स्टॅबिलायझर लिंक घालायची. बाबांनी पेन मागितलं आणि लिहिलं: "टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप. 1,46,702." खाली रेघ मारून पुढचा आकडा लिहिला, 2,46,000, आणि वही माझ्या बाजूच्या दाराच्या कप्प्यात सरकवली. जुना पट्टा त्यांनी पिशवीत घालून घरी आणला आहे. तो सध्या घरच्या गॅरेजमधल्या खिळ्याला टांगलेला आहे.